उपास मानवतो

घटस्थापना होऊन तीन-चार दिवस झाले की सासूबाई माझ्याकडे नीट निरखून बघतात आणि म्हणतात, "हिला उपास मानवतो हो!" बावीस वर्षं हे वाक्य ऐकते आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात त्या हे बोलल्या, तेव्हा मी लाजले होते. पुढे पुढे तो आमच्या घरातला एक विधीच होऊन बसला.

खोटं काहीच नव्हतं त्यात. साबूदाण्याने नवऱ्याला पित्त व्हायचं, जाऊबाईंचं डोकं चढायचं, मी मात्र वरईचा भात, दाण्याची आमटी आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर टवटवीत. पोट हलकं, तोंडातले फोड गायब, दुपारी आडवं व्हावंसं वाटणं बंद. मग दसऱ्याला श्रीखंड-पुरी व्हायची आणि दोन दिवसांत पोट बिघडायचं. त्याचंही कारण ठरलेलं होतं. "नऊ दिवसांच्या रिकाम्या पोटावर इतक्या पुऱ्या कोणी खातं का?" एकूण काय, चांगलं झालं तर देवीची कृपा आणि वाईट झालं तर माझा हावरेपणा.

या हिशेबात काही चुकतंय, हे बावीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी तर हिशेबाचीच नोकरी करते.

डॉक्टरांकडे गेले होते ते पोटासाठी नव्हेच. हिमोग्लोबिन 8.4 आलं होतं. दहा-बारा वर्षं ते साडेआठ-नऊच्या घरातच घुटमळतंय. लोहाच्या गोळ्या इतक्या घेतल्या की डबीचा रंग बदलला तर मला कंपनी बदलल्याचं कळतं. दर वेळी नव्या डॉक्टरांचा तोच प्रश्न, पाळी जास्त जाते का. आणि तेच उत्तर, बायकांचं असंच असतं, गूळ-दाणे खा, बीट खा. एकांनी तर, "घरात टेन्शन आहे का?" असंही विचारलं. ते विचारून झाल्यावर झालं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

श्रावणात एका मैत्रिणीच्या आग्रहावरून पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जुन्या रिपोर्टांची चळत उलटसुलट केली आणि एक साधा प्रश्न विचारला. "इतना आयरन खाया आपने, वो गया कहाँ?" कोणीतरी शेवटी जमाखर्च मांडला म्हणून मला फार बरं वाटलं. जमा आहे, खर्च दिसत नाही, शिल्लकही नाही, तर मधे गळती आहे. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. तिथल्या अस्तरावर बोटांसारखे बारीक अंकुर असतात, मखमलीच्या लवेसारखे, अन्नातलं सत्त्व टिपून घेणारे. सीलिअक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरते आणि आपल्याच आतड्यावर उलटते. ते अंकुर झिजत झिजत सपाट होतात. वरून कितीही गोळ्या टाका, टिपून घ्यायला कोणी उरलेलंच नसतं. काहींना जुलाब होतात, पोट फुगतं, वजन उतरतं. काहींना यातलं फारसं काही होत नाही, नुसतं रक्त कमी असतं आणि वर्षानुवर्षं तेवढंच असतं.

इथे मी एक शहाणपणा सांगून बसले. मैत्रीण म्हणाली म्हणून मी तीन आठवड्यांपासून गहू सोडला होता, ज्वारीची भाकरी खात होते आणि बरंच बरं वाटत होतं. शाबासकी मिळेल या अपेक्षेने मी हे सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किसने कहा था बंद करने को?"

मग त्यांनी समजावलं ते असं. रक्ताच्या तपासणीत ज्या प्रतिपिंडांचा शोध घेतात, त्या गहू पोटात जात असतानाच तयार होतात. गहू बंद केला की त्या ओसरू लागतात आणि आतडंही भरून यायला लागतं. मग आजार असूनही तपासणी निर्दोष म्हणून सोडून देते. म्हणून किमान सहा आठवडे रोज, एकाहून जास्त वेळच्या जेवणात, गहू पोटात गेलाच पाहिजे. त्यानंतर रक्त, मग गरज पडली तर एंडोस्कोपी. "जब तक टेस्ट पूरे नहीं होते, रोटी बंद नहीं।"

ज्याच्यावर संशय आहे ते सहा आठवडे मन लावून खायचं! घरी येऊन सांगितलं तर नवऱ्याला वाटलं, मी उलटं ऐकून आले.

आणि एक विचित्र गोष्ट घडली. मला पोळी आवडायला लागली. इतकी वर्षं पोळी म्हणजे भाजी उचलायचं साधन होतं. आता मी सासूबाईंच्या शेजारी ओट्याला टेकून बघत उभी राहायला लागले. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे कुरकुरतात, पण पोळ्यांचं काम सोडत नाहीत. कणकेला तेलाचा हात लावून झाकून ठेवतात. छोटी लाटी दाबून गोल करतात, तेलाचं बोट फिरवतात, पिठी भुरभुरतात, अर्धी घडी, पुन्हा तेल-पिठी, पुन्हा घडी, त्रिकोण. मग तो त्रिकोण लाटताना कडेकडेने गोल कसा होत जातो ते मला अजून पकडता आलेलं नाही. तव्यावर पहिला फोड येतो, मग शेजारी दुसरा, मग सगळी पोळी एका श्वासात टम्म. ती खाली काढून दोन्ही तळहातांमध्ये हलकेच चुरडली की वाफ निघून पदर सुटतात. ते पदर सुटतात, कणीक ताणली तरी तुटत नाही, पोळी फुगते, ही सगळी करामत त्या ग्लूटेनचीच. ज्वारीचं पीठ असं ताणलं जात नाही, म्हणून तर भाकरी थापावी लागते.

हे सगळं माळव्यात व्हावं याचं मला हसू येतं. "मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर" हे आम्ही शाळेत घोकलेलं आहे. इंदूरमध्ये गहू किलोने आणणारं घर म्हणजे एकतर नवं बिऱ्हाड, नाहीतर भांडण होऊन वेगळं झालेलं. बाकी सगळे एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरतात. आमच्याकडे तीन क्विंटल येतो. गच्चीवर चादरी पसरून तो निवडायचा, चाळायचा, ऊन दाखवायचं, थोडा एरंडेलाचा हात लावायचा आणि पत्र्याच्या टाकीत कडुनिंबाच्या पाल्यासकट भरायचा. आमची टाकी आमच्याच झोपायच्या खोलीत आहे, कारण दुसरीकडे जागा नाही. म्हणजे मी बावीस वर्षं आरोपीच्या उशाशी झोपते आहे.

बातमी बाहेर गेली तसे सल्ले सुरू झाले. समोरच्या काकू म्हणाल्या, शरबती खात असशील, लोकवन खा, पचायला हलका. पुण्याच्या मावसबहिणीने खपली गव्हाचं पीठ कुरिअरने पाठवलं, "तो जुन्या काळचा गहू गं, त्याने काही होत नाही." होतं. खपलीही गहूच आहे, त्यातही ग्लूटेन आहे, जव आणि राय नावाचं धान्य यांतही तसाच त्रासदायक ऐवज असतो. ऑफिसमधल्या एकाने विचारलं, "रोटी बंद हुई तो दलिया तो चलेगा ना, मॅडम?" त्याला दलिया कशाचा असतो हे सांगितल्यावर तो बिचारा स्वतःच दचकला. रवा चालेल ना, शेवया चालतील ना, ब्रेड तरी? आपल्याला गहू पोळीत तेवढा दिसतो, रूप बदललं की आपण त्याला ओळख दाखवत नाही.

मी वाचायला लागले. रात्री अकरानंतर फोनवर आजारपणाविषयी वाचू नये हे मला ठाऊक आहे, पण त्यातून दोन माणसं भेटली आणि ती मनातून जाईनात.

पहिले न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास. 1924 साली त्यांनी सीलिअकने खंगलेल्या मुलांना केळ्यांचा आहार देऊन बरं केल्याचं प्रसिद्ध केलं. दिवसाला कितीतरी केळी, आणि पाव, बिस्किटं, धान्यं बंद. मुलं खरोखर सुधारली. केळ्याची कीर्ती झाली. पुढची वीस-पंचवीस वर्षं लोक केळ्यात काय गुण आहे ते शोधत राहिले. ताटात काय आलं याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, ताटातून काय गेलं ते कोणी बघितलं नाही.

दुसरे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. त्यांना युद्धाच्या आधीपासूनच पावावर संशय होता. 1944-45च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा उकडून खाल्ले. त्या भुकेच्या दिवसांत ही आजारी मुलं सुधारली, आणि पुन्हा पाव मिळू लागला तशी पुन्हा ढासळली. 1950 साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचं नाव एकदाचं लिहून निघालं.

हास यांचं वाचत होते तेव्हाच मी उठून बसले. साबूदाणा! वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, दाणे. उपासाच्या अख्ख्या ताटात गव्हाचा कण नसतो. बावीस वर्षं माझ्या घरात दर आश्विनात नऊ दिवसांचा तोच प्रयोग होत होता, आणि दसऱ्याच्या पुऱ्यांनी त्याचा पडताळाही मिळत होता. आम्ही सगळं श्रेय केळ्याला देऊन मोकळे झालो होतो.

त्या रात्री आत्या आठवली. खरं तर आठवली म्हणायची सोय नाही, ती माझ्या जन्माआधीच गेली. वडिलांची थोरली बहीण. देवासला दिली होती. तिला संग्रहणी, म्हणजे न थांबणारे जुलाब, झाली होती, असं घरात म्हणत. लहानपणी मला तो शब्द संग्रहाशी जोडलेला वाटायचा, आत्याने काहीतरी साठवलं असेल असा. प्रत्यक्षात तिच्या अंगात काहीच साठत नव्हतं. वाळत गेली. माहेरी आणली, वैद्यांनी तक्रकल्प दिला, चाळीस दिवस नुसतं ताक, मग ताक-भात. आजी सांगायची की गालावर मूठभर मांस चढलं होतं, केस विंचरताना हातात येईनासे झाले होते. बरी झाली म्हणून सासरी पाठवली. वर्षाच्या आत पुन्हा तेच. असं दोनदा झालं. "पोरीला सासरचं पाणी मानवलं नाही," असा निकाल आमच्या घराने दिला आणि देवासच्या लोकांशी बोलणं टाकलं.

तिला हेच होतं असं मी म्हणू शकत नाही. संग्रहणीच्या नावाखाली तेव्हा शंभर दुखणी खपत. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहात एकाला सापडतो, हे खरं. पण त्याची जनुकं असलेले लोक पुष्कळ असतात, त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तरी त्या दोन खेपा डोळ्यांपुढून जात नाहीत. माहेरी ताक-भात, सासरी पोळी. पाण्याचं नाव उगीच खराब झालं.

सहा आठवडे पितृपक्षाच्या मध्यावर संपले. रक्त दिलं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला. प्रतिपिंडांचा आकडा मर्यादेच्या दीडपट. घवघवीत असता तर निकाल लागल्यासारखाच झाला असता, कमी असता तर सुटले असते. डॉक्टरांच्या तोंडून "अब बायोप्सी से पता चलेगा" निघालं, आणि एंडोस्कोपीची तारीख मिळाली दसऱ्यानंतरची. "तब तक रोटी चालू।"

मधे नवरात्र होतं.

मी सासूबाईंना सांगायचं टाळत राहिले. शेवटी घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी, त्या परडीत माती पसरत असताना, सांगितलं. पेरायचे होते तेही गहूच. त्या काही बोलल्या नाहीत. माती सारखी केली, गहू पेरले, पाणी शिंपडलं, हात धुतले. मी समजले, आता हे नऊ दिवस जड जाणार.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांची खिचडी करून बाजूला झाले. माझ्यापुरत्या दोन पोळ्या मागच्या गॅलरीत, इंडक्शनवर, चोरासारख्या भाजल्या. त्या मला जमत नाहीत. कडा जाड राहिल्या, मधे एक भोक. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पिठाचा डबा काढायला गेले तर तो जागेवर नव्हता. स्वयंपाकघरात सासूबाईंनी उपासाचा ओटा आवरून, वेगळा तवा ठेवून, माझी कणीक भिजवून ठेवली होती. स्वतःला निर्जळी, आणि माझ्या पोळ्या लाटतायत. ताटली माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "घे. औषधाची आहे." मग थोड्या वेळाने, देवघराकडे न बघता, "तिला काय, ती सगळं बघतेच आहे."

यंदा मला कोणी "उपास मानवतो" म्हणालं नाही. पाचव्या दिवशी तोंडात फोड आले होते आणि सासूबाई ते बघत होत्या. सातव्या माळेला त्यांनी फोड मोजले, चार. मग त्यांनी ते कॅलेंडरवर लिहिलं. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या.

हिंगाचा शोधही त्यांचाच. मी नुसतं म्हणाले होते की म्हणे बांधणीच्या हिंगात पीठ असतं. त्या भिंग घेऊन डबीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं, गव्हाचं पीठ!" शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून तो डिंक आणि पिठात बांधतात, काही तांदळाचं घालतात, काही गव्हाचं. चिमूटभर हिंगाने काय होणार, असं मला वाटलं होतं. पण आपल्या देशात एखाद्या पदार्थावर ग्लूटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. 20 मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही धड येणार नाही इतकं. सासूबाई बराच वेळ डबी फिरवत राहिल्या. साठ वर्षं दोन्ही वेळच्या वरणात तो हिंग पडतोय.

त्यानंतर मी सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेले तेव्हा मला सराफा वेगळाच दिसला. भाचा आला होता, रात्री दहाला त्याला घेऊन गेलो. भुट्टे का कीस, चालेल. साबूदाणा खिचडी, चालेल. गराडू, कंदच तो, चालेल, पण कढई? त्याच तेलात मगाशी काय तळलं होतं? जलेबा, मालपुवा, कचोरी, तिकडे बघायचं नाही. सकाळचे पोहे चालतील, शेजारची जिलबी नाही. इंदूरच्या माणसाचे पोहे आणि जिलबी वेगळे करायचे, म्हणजे सरळ घटस्फोटच. निकाल लागलेला नसताना मी मनातल्या मनात सगळी गल्ली दोन रांगांत उभी करून ठेवली. आणि मग पुढे होऊन जलेबा घेतला, कारण अजून परवानगी होती. परवानगी कसली, हुकूमच होता. दोघांत अर्धा अर्धा. गरम, पाकाने जड, हाताला चिकटलेला. भाच्याने विचारलं, "मामी, रडतेस काय?" म्हटलं, पोळलं.

एंडोस्कोपीचं फार सांगण्यासारखं नाही, दहा मिनिटांचं काम. रात्रीपासून उपाशी. घशात कडू फवारा मारतात, मग घसा आपला नसल्यासारखा होतो. डाव्या कुशीवर निजवून दातांत प्लास्टिकची कडी देतात. सिस्टरबाईंनी खांद्यावर हात ठेवला होता, तेवढंच धरून राहिले. नळी उतरताना उमाळे येतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, दुखत मात्र नाही. आतड्याचे तुकडे चिमट्याने तोडतात तेसुद्धा कळत नाहीत. एकाच जागचा तुकडा घेऊन भागत नाही, कारण झीज ठिगळाठिगळाने असते, म्हणून चार-पाच घेतात. नंतर मला बसवलं तेव्हा ती बाटली ट्रेमध्येच होती. बोटभर, स्वच्छ पाण्यासारखं द्रव, आणि तळाला तांदळाच्या कणीएवढे पांढुरके, गुलाबीसर कण. इतकी वर्षं आत काय चाललं होतं ते त्या कण्यांत लिहिलेलं असणार, आणि मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. लेबलावर माझं आडनाव चुकलं होतं. मी ते दुरुस्त करून घेतलं. आयुष्यभर इंदूरमध्ये मराठी आडनाव दुरुस्त करत आले, पण इतक्या आग्रहाने कधीच नाही.

रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. आज सहावा. निकाल कोणता यावा असं वाटतं, हे नवऱ्याने काल विचारलं. नाही यावा असं म्हणायला गेले आणि थांबले. नाही आला तर पुन्हा त्या गोळ्या, ते बीट, ते टेन्शन. आला तर निदान गळती सापडेल. या आजाराला गोळी नाही, गहू आयुष्यभर बंद हाच उपाय. पण तो केला की अंकुर पुन्हा उगवतात, काहींचे महिन्यांत, काहींचे वर्षा-दोन वर्षांत. टाकीत अजून सव्वा क्विंटल तरी गहू असेल. मी उत्तर दिलं नाही. तो म्हणाला, "मीपण ज्वारी खाईन." त्याला ज्वारीची भाकरी अजिबात आवडत नाही.

आज सकाळी सासूबाईंनी दिवाळीची किराण्याची यादी केली. दरवर्षी त्या सांगतात आणि मी लिहिते, यंदा स्वतःच लिहून फ्रिजवर लावून टाकली. ऑफिसला निघताना पाहिली. हरभऱ्याची डाळ 2 किलो. पातळ पोहे 1 किलो. अनारशांचे तांदूळ दीड किलो, एरवी अर्धा किलो असतात. खोबरं. खसखस. हिंग, आणि त्यापुढे कंसात, वाचून आणणे. त्याखाली मैदा लिहिलाय, पुढे आडवी रेघ ओढली आहे, आणि आकड्याची जागा कोरी ठेवली आहे.